म्हातारपण, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती : एका तक्त्याची चिकित्सा

रायगडच्या किनाऱ्यावरील एका शाळेत भरलेल्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग मध्यंतरी आला. पवनचक्की, ज्वालामुखी, ठिबक सिंचन अशा नेहमीच्या मांडणीत अकरावीच्या दोन विद्यार्थिनींनी केलेला एक तक्ता वेगळा उठून दिसत होता. विषय होता, ‘आजी-आजोबा वारंवार आजारी का पडतात?’ या किनाऱ्यावरील गावांतून तरुण माणसे मुंबईला जातात आणि घर, वाडी, गोठा सांभाळायला म्हातारी माणसे मागे राहतात. मुलींनी प्रश्न आपल्या अंगणातूनच उचलला होता. तक्ता सुबक होता आणि त्यावर चार चौकटी व त्यांना जोडणारे तीन बाण होते :

वय वाढते → संप्रेरके घटतात → प्रतिकारशक्ती घटते → म्हणून संप्रेरके भरून काढा.

तक्त्याला दुसरा क्रमांक मिळाला. मीही त्याला चांगले गुण दिले. परंतु परतताना मांडव्याला बोटीत बसल्यावर ते तीन बाण मनातून जाईनात. कारण हे सूत्र त्या मुलींचे नव्हते. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, टॉनिकांच्या जाहिराती आणि ‘चिरतारुण्या’ची दुकाने मांडून बसलेले दवाखाने यांतून ते आपल्या सर्वांच्या कानांवर पडत असते. वाचायला ते सोपे आहे, पाठ करायला त्याहून सोपे आहे आणि जवळजवळ प्रत्येक बाणाशी चुकीचे आहे. पुढील टीका आहे ती या सूत्रावर. मुलींनी विचारलेला प्रश्न मात्र उत्तमच होता.

पहिला बाण : संप्रेरके ‘घटतात’ का?

काही घटतात, यात शंका नाही. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते आणि त्यानंतर अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन झपाट्याने खाली येते. पुरुषांत असा एकाएकी खंड पडत नाही. तेथे तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला सुमारे एक टक्का या मंद गतीने उतरत जाते. वाढीचे संप्रेरकही कमी होते.

परंतु पाळी थांबलेल्या स्त्रीच्या रक्तात दुसरी दोन संप्रेरके अनेक पटींनी वाढलेली सापडतात. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतात आणि अंडाशयाला ‘काम कर’ असा हुकूम देतात. अंडाशयाकडून उत्तर येत नाही, म्हणून पीयूषिका आवाज चढवते. प्रतिपोषणाचे, म्हणजे ज्याला आपण वर्गात फीडबॅक म्हणतो त्याचे, इतके चांगले उदाहरण दुसरे शोधून सापडणार नाही.

दुसरे उदाहरण मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे. त्यांच्या बाह्यकातून डीएचईए आणि कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरके निघतात. डीएचईए विशीत सर्वांत जास्त असते आणि सत्तरी-ऐंशीत त्याच्या दहा ते वीस टक्क्यांवर येते. कॉर्टिसॉल मात्र घटत नाही. उलट, रात्री ते जितके खाली यायला हवे तितके म्हातारपणी येत नाही. ग्रंथी एकच, वय तेच, पण एक संप्रेरक ओसरते आणि दुसरे तसेच राहते. त्यामुळे खरा बदल होतो तो दोहोंच्या प्रमाणात. ‘संप्रेरके घटतात’ या वाक्यातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

दुसरा बाण : ‘यौवनलोपी’ या शब्दाचा धडा

आता दुसरा बाण. संप्रेरके घटली म्हणून प्रतिकारशक्ती घटते, असे तो सांगतो. याची परीक्षा घ्यायला एक मराठी पारिभाषिक शब्दच पुरेसा आहे.

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर थायमस नावाची ग्रंथी असते. तिचे काम काय, हे जॅक मिलर यांनी १९६१ साली लंडनमध्ये दाखवून दिले. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढली, तर त्यांची संसर्गाशी झुंजण्याची क्षमताच उभी राहत नाही. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी येथे येतात, परीक्षा देतात आणि टी-पेशी बनून बाहेर पडतात. ‘टी’ हे अक्षर थायमसचेच. ही परीक्षा इतकी कडक असते की शंभरांतून पाच पेशीही उत्तीर्ण होत नाहीत. परक्याला ओळखू न शकणाऱ्या आणि स्वकीयांवरच उलटणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या पेशी तेथेच बाद होतात.

या ग्रंथीला मराठी परिभाषेत ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव आहे. ज्याने हे नाव योजले त्याला दाद द्यावीशी वाटते. यौवनात लोप पावणारी, म्हातारपणी नव्हे! थायमसमधील कामाची ऊती बालपणापासूनच हळूहळू आक्रसू लागते, वयात येताना तो वेग वाढतो आणि तिची जागा चरबी घेत जाते. वयात येणे म्हणजे लैंगिक संप्रेरकांचा चढ. म्हणजे प्रतिकारसंस्थेची ही शाळा ओस पडायला लागते ती संप्रेरके घटल्यावर नव्हे, ती चढत असताना.

हे आजचे ज्ञान नाही. १८९८ साली काल्झोलारी या इटालियन संशोधकाने वृषणे काढलेल्या सशांचा थायमस मोठा राहतो, अशी नोंद केली होती. पुढे म्हाताऱ्या उंदरांतही लैंगिक संप्रेरकांचा पुरवठा तोडला की थायमस काही काळ पुन्हा वाढतो, असे दिसले. ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वयाचा परिणाम केवळ संप्रेरकांतून होत नाही, थायमसच्या पेशी स्वतःही म्हाताऱ्या होतात. शिवाय वयात येण्याआधीच आक्रसणे सुरू झालेले असते, ते निराळेच.

टेस्टोस्टेरॉनविषयी आणखी एक निरीक्षण पाहा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली फ्लूच्या लशीला मिळणारा प्रतिसाद ३४ पुरुष आणि ५३ स्त्रियांत तपासला. स्त्रियांत प्रतिपिंडे अधिक तयार झाली. पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त, त्यांचा प्रतिसाद सर्वांत दुबळा होता. तक्त्यातील बाण येथे चक्क उलटा फिरतो.

मग इस्ट्रोजेन घटल्यावर काय होते? येथेही ‘घट’ हा शब्द अपुरा पडतो. इस्ट्रोजेन ओसरले की दाह पेटवणारे काही रासायनिक निरोप वाढतात. टी-पेशींकडून येणारे असे निरोप हाड कुरतडणाऱ्या पेशींना चिथावणी देतात. पाळी गेल्यानंतर आजीची हाडे ठिसूळ होतात, त्यात कॅल्शियमच्या कमतरतेइतकाच प्रतिकारसंस्थेच्या या अतिउत्साहाचाही हात असतो. आपण पाठ्यपुस्तकात हाडे एका धड्यात, संप्रेरके दुसऱ्यात आणि रोगप्रतिकार तिसऱ्यात शिकवतो. आजीच्या मनगटाच्या मोडक्या हाडात मात्र हे तिन्ही धडे एकत्र आलेले असतात.

‘शक्ती’ या शब्दाची अडचण

‘यौवनलोपी’ हा शब्द शिकवतो, तसा ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द चकवतो. शक्ती म्हटले की टाकीतील पाणी डोळ्यांसमोर येते. पातळी खाली गेली की भरायचे, झाले! प्रतिकारसंस्था ही टाकी नव्हे. तिला फार तर मासेमारीच्या बोटीवरील खलाशांची उपमा देता येईल. म्हातारपणी नवे खलाशी भरती होणे जवळजवळ थांबते. जुने आहेत ते ओळखीच्या पाण्यात पटाईत असतात, म्हणून लहानपणी आलेल्या रोगांची आठवण टिकते. नवा विषाणू आला की मात्र त्यांची गडबड उडते. आणि त्यांतले काही उगाचच तापट झालेले असतात, वादळ नसताना आरडाओरड करतात. या सततच्या मंद दाहाला क्लाउडिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक स्वतंत्र नाव दिले. आपण त्याला वार्धक्यदाह म्हणू. नव्या रोगाला प्रतिसाद दुबळा आणि जुना दाह मात्र जास्त, असे एकाच वेळी दोन्ही घडते. मग शक्ती घटली म्हणायची की वाढली?

हा केवळ शब्दांचा वाद नाही. माझ्या घरात त्याची किंमत मोजली गेली आहे.

आत्याच्या पुड्या

माझी आत्या मुरूड तालुक्यातील एका गावी राहायची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, त्यात तिची सुपारीची बरीच झाडे आडवी झाली. सुपारी पुन्हा धरायला वर्षे लागतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईने रोपे लावली, पाणी घातले आणि गुडघे धरले. कोणीतरी तिला गुडघेदुखीच्या पुड्या आणून दिल्या. पुडीवर कसलेच नाव नव्हते. आठवड्यात गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा भरला. फोनवर मला म्हणाली, “अगं, अंगात शक्ती आलीय बघ. वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटतंय.” मीही बरे वाटले म्हणून सोडून दिले. प्रयोगशाळेत संप्रेरकांवर काम करणाऱ्या भाचीने पुडीत काय आहे, हे विचारलेसुद्धा नाही.

पाच महिन्यांनी तिच्या छातीवर आणि पाठीवर नागीण उठली. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी आयुष्यभर दडून असतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला की तो बाहेर येतो. डॉक्टरांनी तिचा गोल झालेला चेहरा पाहिला, वाढलेली साखर पाहिली आणि पहिलाच प्रश्न पुड्यांचा विचारला. त्यांत स्टेरॉइड होते.

स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचे भावंड. दाह विझवण्याचे त्याचे सामर्थ्य प्रथम संधिवातावर दिसले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली कॉर्टिसोन वापरून अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालते केले आणि १९५० साली केंडॉल व राइखश्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. योग्य जागी हे औषध प्राण वाचवते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी केले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. आणि २०२१ साली मधुमेह व स्टेरॉइडचा अनिर्बंध वापर एकत्र आल्यावर काय होते, हे म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगाच्या रूपाने महाराष्ट्राने पाहिले.

आत्याला ‘शक्ती आली’ असे वाटत होते, नेमका तेव्हाच तिच्या टी-पेशींचा पहारा उठत होता. अंगात उत्साह वाटणे म्हणजे प्रतिकारशक्ती वाढणे, हा समज ‘शक्ती’ या एका शब्दाने पक्का केला होता. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. अशा पुड्या घेणारे कोणी घरात असेल, तर त्या एकदम बंद करायला लावू नयेत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवते आणि एकाएकी पुरवठा तुटला तर जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

कॉर्टिसॉल बाहेरूनच यावे लागते असेही नाही. दीर्घकाळच्या ताणात शरीर ते स्वतः तयार करते. अमेरिकेतील ओहायो येथे स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या ३२ वृद्धांना फ्लूची लस दिली, तेव्हा त्यांतील ३८ टक्क्यांतच पुरेशी प्रतिपिंडे निर्माण झाली. त्यांच्याच वयाच्या पण हा भार नसलेल्या ३२ जणांत हे प्रमाण ६६ टक्के होते. हा निष्कर्ष १९९६ सालचा आहे. आपल्या गावात पक्षाघात झालेल्या आजोबांना उठवणारी-बसवणारी आजी कोण आहे, हे शिक्षकाला नावानिशी माहीत असते. तिचे वय आणि तिच्या मैत्रिणीचे वय एकच असले, तरी दोघींची प्रतिकारसंस्था एकच नसते.

तिसरा बाण : ‘भरून काढा’

हा बाण सर्वांत जुना आणि सर्वांत महाग. १८८९ साली ब्राउन-सेकार या मोठ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे पॅरिसमध्ये जाहीर केले. अशा पाणीदार अर्कात संप्रेरक जवळजवळ नसतेच. जे परत आले ते इच्छेतून आले. शंभर वर्षांनी, १९९० साली, साठी ओलांडलेल्या बारा पुरुषांना सहा महिने वाढीचे संप्रेरक दिल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्नायू थोडे वाढले, चरबी थोडी घटली. एवढ्या भांडवलावर ‘चिरतारुण्या’च्या दवाखान्यांचा धंदा उभा राहिला.

डीएचईएची गोष्ट तर वर्गात सांगावी अशी आहे. इस्रायलमधील एका गटाने १९९५ साली दाखवले की डीएचईए दिल्यास म्हाताऱ्या उंदरांचा फ्लूच्या लशीला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. त्याच गटाने मग वृद्ध माणसांवर तोच प्रयोग केला आणि १९९७ साली प्रामाणिकपणे लिहिले, की माणसांना याचा फायदा होत नाही. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथीत डीएचईए मुळातच जवळजवळ बनत नाही. जे त्यांच्याकडे कधी नव्हतेच, ते ‘भरून काढले’ याला अर्थ काय? आपला उंदराचा निष्कर्ष आपणच माणसात तपासून मागे घेणे, हे विज्ञानाचे खरे काम आहे. जाहिरातींत मात्र १९९५ चा उंदीर येतो, १९९७ चा माणूस येत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१९ साली अमेरिकेत ५१ ते ६५ वयाच्या नऊ पुरुषांना वर्षभर वाढीचे संप्रेरक, डीएचईए आणि मेटफॉर्मिन दिल्यावर थायमसमधील चरबी कमी झाल्याचे दिसले. प्रयोग कुतूहल वाढवणारा आहे. पण माणसे नऊ, तुलनेचा गट नाही आणि सोबतची दोन औषधे द्यावी लागली ती मुख्यतः वाढीच्या संप्रेरकाने साखर चढू नये म्हणून. मोठ्यांचा थायमस निरुपयोगी असतो, हा समजही आता टिकत नाही. छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांत पुढील पाच वर्षांत ८.१ टक्के मृत्यू झाले, तर तशाच शस्त्रक्रियेत तो न काढलेल्यांत २.८ टक्के, असे बॉस्टनमधील डॉक्टरांनी २०२३ साली दाखवले. यौवनात लोपणारी ही ग्रंथी पूर्ण लोपत नाही, इतकी दुरुस्ती त्या सुंदर शब्दालाही करावी लागेल.

मग उपाय काय?

उत्तर पुन्हा नागिणीकडे नेते. तिच्याविरुद्धची पहिली लस दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची होती. २००५ सालच्या चाचणीत तिने ६० ते ६९ वयोगटात सुमारे ६४ टक्के संरक्षण दिले. सत्तरीपुढे ते ३८ टक्क्यांवर घसरले. येथे तक्त्यातील सूत्र खरे वाटते. पुढे दुसरी लस आली. तिच्यात विषाणूचे एकच प्रथिन आणि प्रतिकारसंस्थेला खडबडून जागे करणारे सहायक द्रव्य आहे. २०१५-१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तिने पन्नाशीपुढे सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के संरक्षण दिले.

वृद्ध तसेच, त्यांची संप्रेरके तशीच ओसरलेली, थायमस तसाच आक्रसलेला. बदलली फक्त हाक मारण्याची रीत. संप्रेरकाचा थेंबही न भरता म्हातारे खलाशी कामाला लागले! ‘भरून काढा’ या सूत्राला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. ही लस २०२३ पासून भारतात मिळते, पण ती महाग आहे आणि गावातील आजीपर्यंत पोहोचलेली नाही. प्रश्न आहे तो तिथे.

आता मुलींच्या तक्त्याविषयी. तो पुन्हा काढायचा झाल्यास सरळ बाण काढू नयेत. मध्ये थायमस, अस्थिमज्जा आणि टी-पेशी काढाव्यात. भोवती इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, डीएचईए, कॉर्टिसॉल अशी नावे लिहावीत आणि प्रत्येक रेषेवर अधिक किंवा उणे अशी खूण करावी. काही रेषांवर दोन्ही खुणा येतील, त्या तशाच राहू द्याव्यात. नागिणीच्या दोन लशींचे आकडे आलेखावर मांडायला विद्यार्थ्यांना सांगावे आणि ‘दोन्हीकडे वय तेच, मग फरक कशाचा?’ एवढाच प्रश्न विचारावा. आणि शेवटी प्रत्येकाने घरातील वृद्ध माणूस कोणती औषधे घेतो याची यादी करून आणावी. ज्या पुडीवर नाव नाही, तिच्यापुढे लाल खूण करावी.

आत्या बरी झाली, परंतु नागिणीच्या जागी उठणारी कळ तिला शेवटपर्यंत सोडून गेली नाही. तिच्या गावातल्या एखाद्या वर्गात ही यादी तेव्हा झाली असती, तर एक लाल खूण तिच्या पुडीपुढे नक्की पडली असती.